हातचं राखून

फाईल माझ्याकडे आली तेव्हा आधीच जाड होती.
तीन वर्षांत, तीन वेगळ्या अक्षरांत,
एकच शब्द: आक्रमक.
"आई आक्रमक." "भेटीदरम्यान आई आक्रमक."
"हातवारे; आक्रमक."
तिसऱ्याने निदान अर्धविराम तरी दिला होता.

गिलियन म्हणाली, तू जा, एफुआ.
तुला कळेल. तू त्यांच्यातलीच.
त्यांच्यातली म्हणजे कुणातली?
माझी आई केप कोस्टची, चर्चमध्ये गाणारी.
इदिल हरगेसाची, पाच वेळच्या नमाजाची.
आमच्यात सामाईक ते इतकंच,
की दुकानात शिरलो की पहारेकरी मागोमाग चालतो.
हे थोडं नाही. पण पुरेसंही नाही.
माझ्या वार्षिक मूल्यमापनात लिहिलंय:
काम उत्तम, स्वर जरा तीव्र.
म्हणून मी 'बरं' म्हणाले. मऊ.

ब्यूटाउन, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
दारामागे पत्रांचा ढीग.
कार्डिफमधला सरकारी कागद सभ्य असतो,
एका अंगाला वेल्श, उलटला की इंग्रजी.
इदिल दोन्ही अंगं बघते
आणि कागद पालथा ठेवून देते.

चौथ्या वर्षी मेंदूज्वर. तेव्हापासून
तिची भाषा खांद्यापासून सुरू होते.
अर्धी बहिणींबरोबर अंगणात घडवलेली,
अर्धी इथे संध्याकाळच्या वर्गात उचललेली.
'भूक' म्हणताना अख्खं पोट बोलतं.
'नको' म्हणताना खोलीतली हवा बाजूला सरते.
हातचं राखून बोलणं तिला येत नाही.

दुभाष्याची सोय होती. म्हणजे दोन सोयी होत्या.
सोमाली भाषेच्या यादीतून एक गृहस्थ आले.
ती ऐकत नाही म्हटल्यावर मोठ्याने बोलले.
मग आणखी मोठ्याने.
कर्णबधिरांच्या यादीतून एक बाई आली,
सफाईदार बोटांची,
ओल्या बुटांनिशी थेट चटईवर.
इदिलने तिच्या पायांकडे बोट दाखवलं,
दोनदा, जोरात.
(तो फाईलमधला दुसरा 'आक्रमक'.)
दोन्ही याद्यांत बसेल असं माणूस नव्हतं.
कार्यालयाने हात वर केले.

तेव्हा मी ती गोष्ट केली
जी प्रशिक्षणात 'कधीही करू नये' या मथळ्याखाली येते.
लिबान, वय आठ. नुकता शाळेतून आलेला,
एक मोजा घसरलेला.
मी म्हटलं, आईला विचार,
तुझ्या दंडावरचा डाग कसा आला.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग वळला.
त्याची बोटं चालली, तिची चालली,
ती हसली, त्याच्या केसांतून हात फिरवला.
तो म्हणाला: ती म्हणते, मी जिन्यात पडलो.

पाच आठवड्यांनी, संध्याकाळच्या त्याच वर्गात,
सहाव्या धड्यात मला त्या खुणा भेटल्या.
त्याने विचारलं होतं, आज जेवायला काय?
तिने सांगितलं होतं, भात, तुझ्या आवडीचा.
जिना त्याने पदरचा घातला होता.

डाग कशाचा, मला अजून ठाऊक नाही.
त्या चुकीच्या दुपारवर मी एक पान लिहिलं,
माझं नाव घालून.
आणि तीन जागी 'आक्रमक' खोडलं.
खोडलेल्या शब्दाशेजारी सही लागते, तारीख लागते.
गिलियनने चष्म्यावरून विचारलं,
तू त्यांची बाजू तर घेत नाहीयेस ना?

बहिऱ्या माणसांत ओळखीच्याला खुणेचं नाव ठेवतात.
इदिलने माझं ठेवलं तेव्हा मी हरखले:
दोन बोटं मानेभोवती फिरवून
छातीवर टेकवायची.
जिना उतरताना लक्षात आलं,
दोरीतलं ओळखपत्र.

पुढच्या खेपेला ते खिशात टाकून गेले.
बूट उंबऱ्याबाहेर काढले.
तिने दार उघडलं, माझे मोजे पाहिले,
पॅसेजमधला दिवा दोनदा लावला-विझवला.
लिबान बाहेर आला.
कोण आलंय ते तिने त्याला सांगितलं:
तीच दोन बोटं,
मानेभोवती.